सोप्या गटातला मार्कर

ड्रॉ निघाला त्या संध्याकाळी क्लबातल्या माळ्यापासून सेक्रेटरी साहेबांपर्यंत ज्यानं त्यानं माझ्या नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली. लॉटरी लागली तुला, सोपा गट मिळाला. मी क्वार्टरच्या दारात दाणे पाखडायचं सूप घेऊन बसले होते. ते ऐकून मला आनंद झाला नाही. कुणी काही सोपं म्हटलं की मला आजही भीती वाटते.

मार्कर म्हणजे काय, हे आता लोकांना सांगावं लागतं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या क्लबात टेनिसची मुरमाची कोर्टं होती, आणि ज्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं हे माझ्या नवऱ्याचं काम. सकाळी कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, आणि मग पांढरी पँट चढवून जज्ज साहेबांशी, डॉक्टर साहेबांशी खेळायचं. खेळायचं म्हणजे जिंकायचं नाही. मेंबरचा हात बसेल तिथं चेंडू द्यायचा, त्याला फार पळवायचं नाही, आणि शेवटी थोडक्यात हरायचं. इतकं थोडक्यात, की घरी गेल्यावर बायकोला सांगताना मेंबरची छाती फुगली पाहिजे. खेळून पोट भरतो म्हणून नियमानं तो प्रोफेशनल, आणि प्रोफेशनल म्हणून मेंबरांच्या स्पर्धेत त्याला बंदी. ज्यांना वर्षभर शिकवायचं, त्यांचे कप हंगामाच्या शेवटी पुसून ठेवायचे. मला या सगळ्याचा फार राग यायचा. त्याला यायचा नाही.

मार्करांची स्वतःची मोठी स्पर्धा एकच, हंगाम संपताना. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास ऊन डोक्यावर आलं की आटपायचा. तेवढ्या महिन्यांत गावोगावच्या क्लबांत मार्करांच्या लहान लहान स्पर्धा होत, आणि त्यांत जे पहिले आठ ठरत त्यांना शेवटी एका जागी बोलवत. आठांचे दोन गट. गटात प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, आणि दोन्ही गटांतले पहिले दोघे शेवटच्या चौघांत. मी सांगते त्या वर्षी, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, पाळी नागपूरची होती. आमच्याच क्लबाची.

आमचा मोठा मार्कर आदल्या पावसाळ्यात वारला होता आणि त्याची जागा रिकामी होती. माझा नवरा तिथं लग्नाआधीपासून होता, पण टेंपरवारी. कमिटीनं त्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, शेवटच्या चौघांत आलास तर तू कायम आणि क्वार्टर तुझं. नाही आलास तर त्या चौघांतल्या ज्याला यायचं असेल त्याला ठेवू, आणि तू खोली रिकामी कर. खोली म्हणजे कोर्टाच्या मागची, टिनाच्या छपराची. पण तिथून माझी मोठी मुलगी चालत शाळेत जायची, आणि ती शाळा चांगली होती. छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं आमचं घर. माझ्या बापानं रिक्षा ओढून मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं, आणि पोरींची शाळा सुटणं ही गोष्ट माझ्या डोक्यात बसतच नव्हती. खोली गेली तर जायचं कुठं, तर कामठीला, थोरल्या दिरांच्या पावरलूमवर. नवऱ्याचा हात लूमवर चालत नव्हता, त्यानं एकदा करून पाहिलं होतं. चाळिशीला आलेल्या मार्कराला दुसरा क्लब कोण घेतो?

ड्रॉ मी डोळ्यांनी पाहिला, कारण त्या दिवशी व्हरांड्यात चहाला माणसं कमी पडली म्हणून मला बोलावलं होतं. मुंबईचा आणि हैदराबादचा, हे दोघं सर्वांत तगडे, म्हणून त्यांना आधीच वेगवेगळ्या गटांत टाकलेलं. बाकीच्या सहा जणांच्या चिठ्ठ्या. आमच्याकडे चिठ्ठ्या किटलीवरच्या लोकरी टोपीत टाकायची पद्धत होती आणि त्या सेक्रेटरी साहेबांच्या बाई काढायच्या. एक चिठ्ठी पहिल्या गटाला, पुढची दुसऱ्याला. जबलपूरचा पहिल्यात गेला, अमरावतीचा दुसऱ्यात. उमरेडच्या कोळसा कॉलनीचा पहिल्यात, रायपूरचा दुसऱ्यात. उरले दोघं. माझा नवरा आणि कामठीच्या छावणीतला डावखुरा. बाईंनी हात घातला, हाताला एकच चिठ्ठी लागली, ती काढली. कामठी, पहिला गट. मग टोपी उलटी करून झटकली तरी काही पडेना. शेवटी पाहिलं तर माझ्या नवऱ्याची चिठ्ठी आतल्या विणीत अडकून बसलेली. सगळे हसले. मी पण कप गोळा करता करता हसले, नोकराच्या बायकोनं हसायचं असतं तेवढं.

घरी येऊन मी सुपात पहिल्या गटाचे चार हरभरे एका बाजूला ठेवले आणि दुसऱ्या गटाचे तुरीचे चार दाणे दुसऱ्या बाजूला. नवरा खुशीत होता.

"पाह्य वं," तो म्हणाला, "तिकडं चारही वाघ हायेत. इकडं हैदराबादवाला सोडला तर राहिलं कोण? रायपूरचा पोट्टा नवा आहे. अन् अमरावतीच्या उस्तादचा तं गुडघाच गेला."

"म्हणूनच मले भेव लागून राहिलं," मी म्हटलं.

मला दिसत होतं ते असं. अवघड गटात तगडे एकमेकांना पाडतात, आणि एक सामना जिंकलेला माणूसही कधी कधी वर सरकतो. सोप्या गटात हरायला सवड नसते. पण खरी भीती वेगळी होती. दोन वर्षांमागं अमरावतीला त्याला असाच सोपा गट मिळाला होता, आणि तो सर्वांत खाली राहिला. आदल्या वर्षी जबलपूरला गट असा पडला की क्लबातल्यांनी त्याला आधीच दुखवट्याचं बोलून घेतलं, तर हा शेवटच्या चौघांत. मी हे दोन्ही ड्रॉ मनात कितीदा शेजारी ठेवून पाहिले होते. वाघासमोर माझा नवरा खेळाडू व्हायचा. समोर म्हातारा आला, पोरगेलं आलं, कुणी धापा टाकताना दिसला, की त्याचा हात आपोआप मार्कराचा व्हायचा आणि चेंडू समोरच्याच्या हातात नेऊन द्यायचा.

अमरावतीचे उस्ताद ज्यांना म्हणते, त्यांनीच हा हात घडवला होता. चौदाव्या वर्षी नवरा त्यांच्याकडे चेंडू वेचायला लागला, तिथून सगळं त्यांचंच. आणि मार्करांत रीत अशी, की ज्या गावी स्पर्धा त्या गावच्या मार्कराकडे त्याच्या जवळच्या माणसानं उतरायचं. उस्ताद आमच्याकडेच उतरले. दोन्ही पोरी त्यांच्या मांडीवर, ताटात माझ्या हातची भाकर, आणि गटात ते आमचे विरोधी. त्यांच्याही क्लबात गुडघ्यावरून कुजबुज सुरू झाली होती. हे त्यांनी पहिल्याच जेवणात सांगितलं.

पहिल्या दिवशी नवरा रायपूरच्या पोराशी खेळला आणि तीन सेटांत हरला. पहिला सेट त्यानं सहज घेतला. मग पोराच्या पायात गोळा आला, तो लंगडायला लागला, आणि ह्या माणसानं त्याला सावरेपर्यंत हातात चेंडू दिले. पोरगा सावरला आणि यानंच दिलेला सामना घेऊन गेला. मी कनातीच्या मागं उभी राहून पाहत होते आणि माझे ओठ दातांखाली होते. संध्याकाळी मी काही बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि घरात पाहुणा होता.

दुसऱ्या दिवशी हैदराबादवाल्यानं त्याला धुऊन काढला. ते धरूनच चाललो होतो. त्याच दुपारी उस्तादांनी रायपूरच्या पोराला हरवलं, एका पायावर, नुसत्या डोक्यानं, तिसऱ्या सेटात. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की गणित बदललं.

तिकडं पहिल्या गटात काय चाललंय ते सुटीत सगळे ओरडून सांगत होते. मुंबईवाला सगळ्यांना हरवत होता आणि बाकीचे तिघं एकमेकांचे पाय ओढत होते. कामठीचा डावखुरा, ज्याला माझ्या नवऱ्यानं सबंध हंगामात एकदाही जिंकू दिलं नव्हतं, तो उमरेडवाल्याला सरळ दोन सेटांत हरवून बसला होता, आणि तेवढ्यावर त्याचं वर जाणं जवळजवळ ठरलं होतं. एका विजयावर. मला ती लोकरी टोपी फाडून टाकावीशी वाटली. बाईंनी एकदा नीट हात फिरवला असता तर त्या जागी आम्ही असतो.

आमच्या गटात आता एकच वाट उरली होती, आणि ती मी सुपातले दाणे सरकवून पाहिली. हैदराबादवाला सगळ्यांना सरळ दोन सेटांत हरवत होता, उद्या रायपूरच्या पोरालाही हरवणारच, तो वर गेल्यातच जमा. दुसऱ्या जागेसाठी तिघं. उस्ताद आम्हाला हरवतात तर त्यांचे विजय दोन, ते गेले वर. आम्ही उस्तादांना हरवलं तर तिघांचा एकेक विजय, आणि मग सेट मोजायचे. दोन सरळ सेटांत हरवलं तर आम्ही. मध्ये एक जरी सेट गेला तर सेटही सारखे, मग गेम मोजायचे. हैदराबादवाल्यानं आमच्या गेमची अशी माती केली होती की तिथं रायपूरचा पोरगा आमच्या पार पुढं होता. म्हणजे सरळ दोन सेट, नाहीतर कामठी.

उस्ताद नळावर हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी नवऱ्याला हे सांगितलं. त्याला ते आधीच कळलं होतं. तो भिंतीला टेकून बसला होता आणि ताटातली भाकर तशीच होती.

"उद्या त्यायले पळवा," मी म्हटलं.

"त्यायचा गुडघा पाहिला का तुनं?"

"पाहिला. म्हणूनच म्हणून राहिली. जाळीपाशी टाका, मागं टाका, डावीकडं टाका, उजवीकडं टाका. पोरीची शाळा आहे माह्या. उस्ताद परवा अमरावतीले जातीन, आपल्याले कुठं जागा आहे?"

त्यानं ताट बाजूला सारलं. उस्ताद आत आले, मी त्यांच्या ताटात वरण वाढलं. त्यांनी पुन्हा मागितलं तेव्हा पुन्हा वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादवाल्यानं रायपूरच्या पोराला ठरल्यासारखं हरवलं, आणि दुपारी आमचा सामना लागला. ऊन असं की मेंबर लोक व्हरांड्याच्या सावलीत दाटीनं बसलेले. पहिला सेट नवऱ्यानं सहा-दोन असा घेतला. तो मी सांगितलं तसा खेळत नव्हता, पळवत नव्हता, पण जोरात मारत होता, आणि तेवढं पुरत होतं. दुसऱ्या सेटात पाच-तीन झालं. मग मॅच पॉइंट आला. कनातीचा बांबू मी दोन्ही हातांनी धरला होता. आयुष्यात मी कशासाठी इतकी तळमळले नाही. आता पोरी, शाळा, छप्पर, सगळं एका चेंडूवर होतं.

आणि चेंडू आला तोही असा, की माझ्या मोठीनंसुद्धा मारला असता. उस्ताद उजव्या कोपऱ्यात ओढले गेले होते. तिथून त्यांनी कसाबसा उचललेला चेंडू कोर्टाच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, संथ येत होता. डावीकडचं सगळं कोर्ट मोकळं. नवरा पुढं सरकला, रॅकेट मागं नेली, आणि चेंडू मोकळ्या जागेत न टाकता अलगद उजवीकडं, उस्तादांच्या हाताशी नेऊन ठेवला.

उस्ताद जागचे हलले नव्हते. त्यांची रॅकेट आधीच मागं गेलेली होती. त्यांनी तो नवऱ्याच्या बाजूनं रेषेवर मारला आणि व्हरांड्यात टाळ्या पडल्या.

लोक नंतर म्हणाले, गुरूची दया आली. दया आली असती तर मी समजून घेतलं असतं, रडून मोकळी झाले असते. दया नव्हती ती. मी त्याचा चेहरा पाहिला होता. चेंडू रॅकेटवरून सुटल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. मधल्या त्या क्षणी तिथं तो नव्हताच, नुसता हात होता. थकलेला म्हातारा माणूस समोर दिसला आणि हातानं वर्षानुवर्षांचं काम केलं. त्यानंतर तो सेट निसटत गेला. पाच-पाच, मग पाच-सात.

आता तिसरा सेट उरला. तो सहा-शून्यनं घेतला तरी आम्हाला काही मिळणार नव्हतं. उस्तादांनी घेतला तर ते शेवटच्या चौघांत, आणि नवऱ्यानं घेतला तर रायपूरचा पोरगा. तो पोरगा झाडाखाली बसून संत्री सोलत होता आणि एकही खात नव्हता. नवरा टॉवेलनं तोंड पुसत बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं आता तो सोडून देईल, उस्तादांना तरी जाऊ देईल. त्यातही काही वाईट नव्हतं.

पण त्यानं सोडलं नाही. पहिलाच चेंडू त्यानं जाळीच्या पलीकडं असा मेलेला टाकला की उस्ताद अर्ध्यात थांबले. पुढचा त्यांच्या डोक्यावरून मागं. मग पुन्हा जाळीशी. मी सांगितलं होतं तसंच, एकेक, पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. त्या म्हाताऱ्या माणसाला त्यानं त्या उन्हात पळवून पळवून मारलं. एकदा उस्ताद जाळीच्या खांबाला धरून उभे राहिले आणि गुडघा दाबत राहिले, तरी याची सर्व्हिस तयार. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटत होतं, आता कशाला, आता कशाला. एकही गेम न देता त्यानं तो सेट घेतला. सामना जिंकला आणि आम्ही बाहेर. उस्तादही बाहेर.

संध्याकाळी उस्ताद आमच्याच खाटेवर बसले होते आणि मी त्यांच्या गुडघ्याला विटेचा शेक देत होते. नवरा कोर्टावर रोलर ओढायला गेला होता, दुसऱ्या दिवशी शेवटच्या चौघांचे सामने होते ना. माझ्यानं राहवेना.

"उस्ताद, तो बॉल तुमच्याकडंच येईन, हे तुमाले माहीत होतं," मी म्हटलं.

"हाव."

"म्हणून तुमी हलले नाही."

"म्या शिकवला त्याले. तो कुठं देईन, मले माहीत नसंन काय? मी तिथं आदीच उभा होतो." त्यांनी पाय थोडा सरकवला. "मले बी जिंकाचं होतं, पोरी. माह्या मांगं बी लोक हायेत."

मी वीट बदलली. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता आणि हातानं मी शेक देत होते.

"पण तिसऱ्या सेटले जसा खेळला," ते थोड्या वेळानं म्हणाले, "तसा म्या त्याले कधी शिकवला नाही. तसा तो पहिल्याच दिवशी खेळला असता, तं मुंबईवाला बी गेला असता." मग ते भिंतीकडं तोंड करून रडले. मी वीट घेऊन चुलीपाशी गेले आणि बराच वेळ परत आले नाही.

सकाळी ते पहिल्या बसनं अमरावतीला गेले. आम्ही सामान बांधायला घेतलं. भांडी पोत्यात, पोरींची दप्तरं वेगळी. कमिटीनं रायपूरच्या पोराला विचारलं होतं आणि तो हो म्हणाला होता, हे माळ्यानं येऊन सांगितलं. नवरा वळकट्या बांधत होता. माझ्याकडे पाहतही नव्हता.

ऊन वर आलं तेव्हा क्लबाचा चपराशी दारात आला. सेक्रेटरी साहेबांनी बोलावलं होतं. रायपूरच्या पोराचा सामना दुपारी होता, त्याला आधी हात मोकळा करायचा होता, आणि त्याच्याशी खेळायला कुणी मिळत नव्हतं.

"नाही येत म्हणा," मी चपराशाला म्हटलं. "आमी चाललो."

मागं वळून पाहते तर नवरा पोत्यात हात घालून पांढरे बूट शोधत होता. त्यानं ते काढले, खाली बसून नाड्या बांधल्या, आणि खुंटीवरची रॅकेट घेतली. मी दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून उभी राहिले.

"मी जाऊ नाही देणार तुमाले," मी म्हटलं. "त्या पोट्ट्यानं आपलं घर घेतलं. कायले जाता? काहून?"

"मंग त्याच्याशी कोण खेळंन?" तो म्हणाला. खरंच विचारत होता तो. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. "बाजूले हो वं. पोट्टा वाट पाहून राहिला असंन."

मी बाजूला झाले.